चित्रांची आणेवारी

इंदूरच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत दोन चित्रं समोरासमोर टांगलेली होती. चौकट धरून प्रत्येक चित्र बावीस इंच रुंद आणि सोळा इंच उंच. वडील दरबारच्या कचेरीत कारकून असताना रेसिडेन्सीतला एक साहेब कायमचा विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. वडील गेले होते लिहायचं टेबल घ्यायला. टेबल दुसऱ्या कुणी तरी नेलं, आणि रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून वडिलांनी ही छापील चित्रं आणली. आई पुढे कितीतरी वर्षं त्यांना टेबलच म्हणायची. टेबलावर कोळिष्टकं झालीत म्हणजे चित्रांवर झालीत, हे घरात सगळ्यांना कळत असे.

एक चित्र वादळात सापडलेल्या जहाजाचं. आभाळ काळं, लाटा घराएवढ्या, एक डोलकाठी मोडलेली, आणि वरच्या कोपऱ्यात ढग फाटून आलेला थोडा पिवळा उजेड. दुसरं एका शेताचं. चार बायका वाकून जमिनीतून बटाटे काढताहेत, शेजारी दोन टोपल्या, मागे भरलेली पोती आणि पोती न्यायला आलेली एक गाडी. बायकांचे चेहरे धड दिसत नाहीत. आभाळ आहे, पण त्यात बघण्यासारखं काही नाही.

मला लहानपणापासून शेत आवडायचं आणि जहाजाचा राग यायचा. पुढे नोकरीही तशीच मिळाली. दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं, राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असं सुरू झालं, तेव्हा मी जमिनीच्या नोंदींच्या ऑफिसात होतो. आमचं काम आणेवारीचं. उभं पीक बघून पटवारी लिहितो, यंदा गहू बारा आणे, हरभरा नऊ आणे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. यातल्या आण्यांचा पैशांशी संबंध नाही. भरलेल्या शेताचे सोळा भाग कल्पायचे आणि त्यातले किती उभे आहेत ते सांगायचं. पटवाऱ्याने लिहिलेलं खरं आहे का, हे मी मोजलेल्या तुकड्यातलं पीक कापून, तोलून तपासायचो. माझ्या साऱ्या नोकरीत मी सोळा आणे एकदाही लिहिलेलं नाही. चौदाच्या वर गेलो की माझा हात अडखळतो.

पटवारी दोन प्रकारचे असत. एक शेतात उतरणारा, दुसरा टेकाडावर उभा राहून बघणारा. देपालपूरकडे या दुसऱ्या प्रकारातला एक होता. त्याने एका वर्षी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की जुवार इतकी वाढली आहे की आत हत्ती लपेल. मी गेलो. जुवार माझ्या कमरेला लागत होती. मी विचारलं, यात हत्ती कुठे लपणार? तो शांतपणे म्हणाला, "साब, बैठा हुआ हाथी."

हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा बायको पोट धरून हसली. मग म्हणाली, हा तुमचा पटवारी जन्माला यायला चुकला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात असता तर मोठा चित्रकार झाला असता.

बायको मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. नोकरी तात्पुरती, दरवर्षी नव्याने कागद निघायचा. शाळेचे सेक्रेटरी वकील होते. आम्ही सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचो. त्यांचं मत असं की वरच्या वर्गांतून चित्रकला काढावी आणि शिवण घालावं. डोळ्यांना जे दिसतं ते टिपायला फोटोग्राफर बसलेला आहे, आणि जे दिसत नाही ते काढून मुलींना काय मिळणार, असं ते एका सभेत म्हणाले होते. याचा निर्णय करायची सभा दिवाळीला होती. चित्रकला गेली तर बायकोची नोकरीही जाणार होती.

अशात गणपती आले. आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळींचा उत्सव होता आणि त्यात संध्याकाळची व्याख्यानं असत. पाचव्या दिवसाच्या वक्त्याची अचानक ग्वाल्हेरला बदली झाली. अध्यक्ष माझ्याकडे आले आणि वहिनी काही बोलतील का, असं त्यांनी विचारलं. मी आत जाऊन वाक्य अर्धं बोललो असेन, तोवर तिने हो म्हटलं. विषयही सांगितला. युरोपातली दोन प्रकारची चित्रं, रोमँटिक आणि रिअ‍ॅलिस्ट. पुस्तकात त्यांना स्वच्छंदतावादी आणि वास्तववादी असे शब्द होते. पण मंडपात ते शब्द काढले तर मागची रांग चहाला जाईल, असं तिचं म्हणणं पडलं.

वकीलसाहेब दरवर्षी पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसत. म्हणजे परीक्षा तिथेच होणार होती.

इथे माझी अडचण सांगितली पाहिजे. व्याख्यानांच्या वेळेची जबाबदारी माझ्याकडे होती. व्यासपीठाच्या बाजूला एक लहान टेबल, त्यावर पितळी घंटा, माझं खिशातलं घड्याळ आणि एक रजिस्टर. पस्तीस मिनिटांना एक टोला, चाळीसला दोन. दोन टोले झाले की वक्त्याने बसायचं. अकरा वर्षांत मी कुणालाही सोडलं नव्हतं. एक न्यायाधीश, दोन प्राध्यापक आणि एक कीर्तनकार माझ्या घंटेने बसले होते. आदल्या वर्षी खुद्द वकीलसाहेब नागरिकांच्या हक्कांवर बोलले. चाळीसावं मिनिट पुरं झालं तेव्हा ते म्हणत होते, "आणि म्हणूनच माझं असं ठाम मत आहे की," आणि मी दोन टोले दिले. ते माझ्याकडे बघत खाली बसले. त्यांचं ठाम मत काय होतं ते इंदुरात कुणाला कळलं नाही.

आता त्यांच्यासमोर माझीच बायको बोलणार. घंटा दिली तर तिचं वाक्य तुटणार, नाही दिली तर वकीलसाहेब हरकत घ्यायला उठणार.

मी तिला म्हटलं की व्याख्यान चाळीस मिनिटांतच बसव, म्हणजे प्रश्नच येणार नाही. तिने वाचनालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ती रोज दोन पानं वाचायची. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायची आणि मी घड्याळ धरून बसायचो. पहिल्या दिवशी एकाहत्तर मिनिटं झाली. मग अठ्ठावन्न, मग एकोणपन्नास. शेवटी त्रेचाळीसवर गाडी अडकली. तीन मिनिटं काढायची होती. मी म्हटलं, जहाज काप. ती म्हणाली, तुमचे बटाटे कापते.

मी माझं मत मांडलं. हे रोमँटिक लोक म्हणजे टेकाडावरचे पटवारी. वादळ, पडके किल्ले, उधळलेले घोडे, कड्यावर उभा राहून लांब बघणारा माणूस. सगळं सोळा आणे, कधी अठराही. रिअ‍ॅलिस्ट मात्र शेतात उतरलेले. त्यांनी खडी फोडणारे रंगवले, धुणं धुणाऱ्या बायका रंगवल्या, जे आहे ते लिहिलं. मग दोघांना सारखी मिनिटं का?

ती म्हणाली की रोमँटिक लोकांना खोटं बोलायची हौस नव्हती. त्यांच्या आधीच्या चित्रशाळांत सगळं नियमाने चालायचं, हात असा, पाय तसा, देव इथे, राजा तिथे. त्याचा त्यांना कंटाळा आला होता. माणसाच्या आत काय होतं तेही मोजा, असं ते सांगत होते. आणि वादळात भीती केवढी वाटते ते दाखवायला लाट केवढी काढावी लागेल, हे तुमच्या कोणत्या फुटपट्टीवर लिहिलंय? उलट रिअ‍ॅलिस्ट म्हणजे थंड डोक्याचे कारकून होते असंही समजू नका. ते रागावलेले लोक होते. ज्या मापाचा कॅनव्हास राजांसाठी आणि लढायांसाठी राखलेला होता त्या मापावर त्यांनी मजूर रंगवले. लोक चिडले ते म्हणून. मजूर कुणाला नवीन नव्हते, माप नवीन होतं.

हे मापाचं मला पटलं. तेवढं वाक्य ठेव, असं मी सांगितलं.

पण जहाजाचं खोटं उघडं पाडायचंच, असं ठरवून एका रविवारी मी ते चित्र खाली उतरवलं, भिंग घेतलं आणि दोर मोजायला बसलो. वादळ दाखवायच्या नादात चित्रकाराने दोर कसेही ओढलेले असणार, याची मला खात्री होती. दोर सत्तावीस निघाले. प्रत्येक दोर कुठून निघतो आणि कुठे बांधला आहे ते मी पेन्सिलीने कागदावर लिहिलं. एकही दोर हवेत संपत नव्हता. मोडलेल्या डोलकाठीचे चार दोरही पाण्यात लोंबत होते, जिथे लोंबायला हवेत तिथेच.

मग न्यायाने शेतही उतरवावं लागलं. ते मी नुसतं करायचं म्हणून करत होतो. टोपल्या दोन, पोती नऊ. पीक माझ्या अंदाजाने दहा आणे. आणि मग मला सावल्या दिसल्या. बायकांच्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या. गाडीची सावली उजवीकडे पडली होती.

मी चित्र उलटं करून बघितलं, उजेडाकडे नेऊन बघितलं. सूर्य दोन होते. ज्या चित्रावर मी पंचवीस वर्षं विश्वास ठेवला होता त्यात सूर्य दोन होते.

बायको चहा घेऊन आली. मी बोट दाखवलं. तिने न वाकताच मान हलवली.

"तुला दिसलं होतं?"

"लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला त्या चित्राचा फार आधार आहे असं वाटलं. खामखा कशाला हलवायचा."

मी तिला विनंती केली की हे मंडपात बोलू नकोस. वकीलसाहेबांच्या हाती असं कोलीत द्यायचं म्हणजे झालंच. फोटोग्राफरकडून अशी चूक झाली नसती, असं ते म्हणणार आणि शिवणाचं यंत्र आणणार. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे ती तिच्या मनासारखंच करणार.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दोन्ही चित्रं मंडपात नेली. दोन स्टुलांवर ठेवली आणि वर एकेक दिवा लावला. मी रजिस्टरमध्ये तारीख, वक्त्याचं नाव, विषय लिहिला. नाव लिहिताना जरा विचित्र वाटलं. सात वाजून चार मिनिटांनी ती उभी राहिली.

पहिली पाच मिनिटं तिचा आवाज लहान होता. मागून कुणी तरी "जरा जोर से, भाभीजी" म्हणालं. मग तिने पटवारी काढला. जुवारीतला बसलेला हत्ती सांगितला आणि मंडप हसला. रोमँटिक चित्रकार म्हणजे हा पटवारी, आणि रिअ‍ॅलिस्ट म्हणजे त्याला तपासायला आलेला साहेब, असं आमच्या घरात मानतात, असं ती म्हणाली. आमच्या घरात म्हणजे कुणाच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी घड्याळाकडे बघितलं. चौदा मिनिटं झाली होती.

मग तिने माझा कागद काढला. तो तिने माझ्या खणातून न विचारता घेतला होता. तपासायला आलेल्या साहेबांनी या जहाजाचे दोर मोजले, ती म्हणाली, ते सत्तावीस भरले आणि सत्तावीसही बरोबर बांधलेले आहेत. म्हणजे ज्याला आपण स्वप्नाळू म्हणतो तो बंदरावर जाऊन दोर मोजून आला होता. लाट त्याने मनाने वाढवली, पण दोर वाढवला नाही. भीती खरी वाटायला हवी असेल तर दोर खरा लागतो. वकीलसाहेब खुर्चीत थोडे पुढे सरकले. पस्तीसाव्या मिनिटाला मी एक टोला दिला. ती थांबली नाही, फक्त शेताकडे वळली.

आणि तिने सावल्या दाखवल्या. उजवीकडे, डावीकडे. लोक उठून बघायला लागले. कुणी तरी "अरे भिया, सही में" म्हणालं. वकीलसाहेब चष्मा पुसत हसत होते, आणि ते हसणं मला आवडलं नाही. मी घंटेवर हात ठेवला.

"आता हा चित्रकार चुकला का?" ती म्हणाली. "जो फक्त डोळ्यांनी दिसेल तेच काढीन म्हणतो, त्याला सूर्य कुठे आहे ते कळलं नाही का? मी या चित्राखाली सोळा वर्षं सूप घेऊन निवडत बसले आहे, म्हणून सांगते. बायकांच्या सावल्या सकाळच्या आहेत. गाडीची सावली संध्याकाळची आहे. गाडी संध्याकाळीच येते, पोती न्यायला. बायका सकाळपासून तिथेच आहेत. मधला सगळा दिवस त्या वाकलेल्या होत्या. तो एका चित्रात कसा दाखवायचा? फोटोत एकच वेळ येते. याला अख्खा दिवस पाहिजे होता."

मंडपात उजव्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने आपली कंबर दाबली, ते मला दिसलं.

हे तिने घरी एकदाही म्हटलं नव्हतं. त्रेचाळीस मिनिटांच्या कोणत्याही फेरीत हे नव्हतं. मी शेताकडे बघत होतो. पंचवीस वर्षांत त्या बायकांच्या कमरेचा विचार मी केला नव्हता. मी पोती मोजली होती. ती पुढे बोलत होती, स्वप्नाळू माणसाला दोर खरे लागतात आणि खऱ्या माणसाला सूर्य हलवावा लागतो, म्हणून मुलींना दोन्ही शिकवायला हवं, बघायलाही आणि हलवायलाही, असं काही तरी. मग तिने हात जोडले.

मागून आवाज आला, "भिया, आज घंटी बीमार है क्या?"

मी घड्याळाकडे बघितलं. सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. चव्वेचाळीस मिनिटं. माझा हात घंटेवरच होता.

टाळ्या चालू असताना मी रजिस्टर भरलं. समाप्ती सात अठ्ठेचाळीस. एकूण चव्वेचाळीस मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यापाशी थांबलो. चाळीस लिहिता आलं असतं, पण ते मला जमण्यासारखं नव्हतं. मी लिहिलं, "दोन टोले दिले नाहीत. कारण, ऐकत होतो."

लिहून वर बघतो तर वकीलसाहेब टेबलापाशी उभे. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतलं, शेरा वाचला आणि म्हणाले, "गेल्या वर्षीचं पान काढा." मी काढलं. त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "चाळीस मिनिटं. टोले दिले. वाक्य अपूर्ण."

त्यांनी दोन्ही पानं पुन्हा वाचली. "म्हणजे माझं ऐकत नव्हतात."

"नाही साहेब," मी म्हटलं. "घड्याळाकडे बघत होतो."

ते रजिस्टर मिटून गेले. घरी येताना एक चित्र माझ्या हातात होतं, एक तिच्या. मी तिला सांगितलं की माझ्यामुळे तुझी नोकरी गेली. खोटं लिहिलं असतं तरी वकीलसाहेबांनी शिव्याच दिल्या असत्या, ती म्हणाली, खरं लिहून दिल्या तर बरं. मग विचारलं, "आणे किती?" मी म्हटलं, चौदा. दोन कशाचे कापले, तिने विचारलं. मी म्हटलं, माझा कागद न विचारता घेतल्याचे.

त्या रविवारी सकाळी वकीलसाहेब आमच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, नोकरी संपल्याचा कागद घेऊन आले. त्यांच्या हातात काही नव्हतं. "ते शेत बघायचंय," म्हणाले. मी चित्र उतरवून दिलं. त्यांनी आधी भिंग मागितलं, मग फुटपट्टी. चारही बायकांच्या सावल्या मोजल्या. मग गाडीची मोजली. बायको पोह्यांची बशी घेऊन उभी होती, तिच्याकडे न बघता ते म्हणाले की चौथ्या बाईची सावली इतर तिघींपेक्षा थोडी आखूड आहे, म्हणजे ही उशिरा आली असणार.

"तिच्या घरी लहान मूल असेल," बायको म्हणाली.

वकीलसाहेबांनी यावर बराच विचार केला. मग फुटपट्टी परत दिली. "दिवाळीच्या सभेत चित्रकला राहील, बाई. ते मी बघतो." आणि त्यांनी बघितलंही; दिवाळीनंतर बायको कायम झाली. पण त्या सकाळी ते एवढं बोलून उठले नाहीत. खुर्ची माझ्याकडे फिरवून घेतली, पोह्यांची बशी मांडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाला पाठ करून बसले.

"तर गेल्या वर्षी मी म्हणत होतो," ते म्हणाले, "की माझं असं ठाम मत आहे की,"

आम्ही दोघं बसून राहिलो. ते गेल्यावर बायकोने बशी उचलली आणि आत जाता जाता म्हणाली, "अकरा मिनिटं."

मी मोजली नव्हती.